रिकाम्या टाकीतली हाक

ताईच्या कादंबऱ्यांपायी मी काय काय केलंय, ते सांगायला बसले तर तुमचा चहा गार होईल. एकीसाठी परक्या हॉटेलात पलंगावर आडवी झाले, कारण तिच्या नायिकेला उशीवरून छताचा कुठला कोपरा दिसेल ते बघायचं होतं. दुसरीसाठी इस्पितळाच्या धुलाईखान्यात ओल्या चादरींची गाठोडी उचलली. ती किती जड असतात हे ताईला लिहायचं होतं आणि तिची पाठ धरते. माझी पाठ काय, फुकटात पडलीये.

ताई लेखिका. मी शाळेत खेळ शिकवायचे, आता निवृत्त आहे. ताईचा एकच हट्ट, माणसं मनातली चालतील, जागा मनातली नको. जिना लिहायचा तर आधी तो चढायचा. खिडकी लिहायची तर तिच्यातून बाहेर डोकवायचं, आतलं माणूस आपल्याकडे संशयाने बघेपर्यंत. आणि जागा सापडली की तिथे उभं राहून प्रसंग बोलून बघायचा, चारचौघांत, लाजलज्जा गुंडाळून. नायिका ती, बाकीचे सगळे मी. मी तिचा नवरा झालेय, सासू झालेय, एकदा भर चौकात फौजदार झाले तेव्हा खरा फौजदार चौकशीला आला होता.

मग ती घरी जाऊन लिहायची. प्रकरण झालं की माझ्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसून वाचून दाखवायची. मी शेंगा सोलत ऐकायचे आणि मध्येच टोकायचे, "असं कुणी बोलतं का गं?" ती फणकारायची. दुसऱ्या दिवशी बघावं तर ते वाक्य गायब. आमचं असंच चालायचं, आणि मला वाटायचं, ते चालूच राहणार.

मला ती ठिणगी म्हणते. लहानपणापासून भडकायला वेळ लागत नाही म्हणून. आमच्या ह्यांचं म्हणणं, नाव फारच लहान पडलंय.

या नव्या कादंबरीत दोन बहिणी होत्या. धाकटी भांडून घर सोडून जाते. थोरली पाणीखात्यात नोकरीला असते, वर्षानुवर्षं वाट बघते, आणि शेवटच्या प्रकरणात शहराला पाणी पुरवणाऱ्या जमिनीखालच्या टाकीत, ती रिकामी असताना, एकटी उतरते आणि बहिणीला हाक मारते. एवढंच. उत्तर येत नाही, पुस्तक संपतं. मी म्हटलं, "लोकांनी एवढी पानं वाचायची आणि शेवटी ही बाई टाकीत ओरडणार? धाकटीला आण की परत!" ताई म्हणाली, "गेलेले सगळे परत येतात का?" यावर मी भांडी जोरात आपटली. 

टाकी मात्र बघायलाच हवी होती. ती कित्येक वर्षांतून एकदा साफसफाईसाठी रिकामी करतात. ताईने पाणीखात्याचे उंबरे झिजवून परवानगी मिळवली आणि आम्ही फोनची वाट बघत बसलो.

फोन येण्याआधी ताईचा घसा बिघडला. आधी सर्दी वाटली, मग आवाज बसला तो उठेचना. घशाचे डॉक्टर भला माणूस, पण त्यांनी तरी किती गोड करून सांगायचं? आवाजाची पेटीच काढावी लागेल, म्हणाले. जीव वाचेल. बोलणं मात्र जाईल. कुजबुजणंसुद्धा.

मी दवाखान्याच्या दारातच रडले. ताईने माझा दंड धरला आणि खरखरत विचारलं, "सोमवारी करतील म्हणाले ना? मग टाकीचं काय?"

सांगा आता! माणसाने काय करावं?

तोवर तिचा आवाज इतका गेला होता की बोललं की दुखायचं, आणि चार वाक्यांनंतर नुसती हवा निघायची. म्हणून तिने शब्द राखून ठेवायला सुरुवात केली. मला बोलवायचं तर माझ्याच स्वयंपाकघरातल्या एका चमच्याने पेल्यावर टिंग करायची. चमचा पर्समध्ये घेऊन फिरायची, दवाखान्यातसुद्धा. टिंग वाजलं की मी जिथे असेन तिथून "काय गं ताई?" म्हणून धावायचे. आमचे हे एक छोटं ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन आले. "ताईंना म्हणावं, आपल्यासाठी दोन शब्द बोलून ठेवा." तिने यंत्र उलटंपालटं करून बघितलं आणि मान हलवली. "आधी पुस्तक," म्हणाली. "टाकीत लागेल."

डोक्यात अशी तिडीक गेली माझ्या! सख्खी बहीण इथे समोर बसलीये, तिला तुझा आवाज हवाय, आणि तू तो कुठल्या कागदावरच्या बाईसाठी शिल्लक ठेवतेस? मी हे सगळं बोलले. नुसती बोलले नाही, खेळाच्या मैदानावर बोलायचे तशी बोलले. ताईने शांतपणे ऐकून घेतलं. तिला उलटून भांडता येत नव्हतं, आणि मला त्याचाच जास्त राग आला.

शुक्रवारी पाणीखात्यातून इंजिनिअरबाईंचा फोन आला. टाकी धुऊन झालीये, उद्या सकाळी पाणी सोडणार, यायचं तर आत्ता या.

पत्ता ऐकून मी म्हटलं, काहीतरी चुकतंय. तो तर आमच्या शाळेजवळच्या बागेचा पत्ता. मोठी हिरवळ, कडेने बाकं, कुत्री फिरवणारी माणसं. त्या हिरवळीवर मी आयुष्यभर पोरांना पळवलं, उड्या मारायला लावल्या. इंजिनिअरबाई रबरी बूट घालून बागेच्या कोपऱ्यात उभ्या होत्या, झुडपांमागच्या एका ठेंगण्या लोखंडी दारापाशी. ते दार मी हजार वेळा बघितलं असेल. माळ्याची खुरपी ठेवायची खोली असेल, असं धरून चालले होते.

"जपून या," बाई म्हणाल्या. "पायऱ्या ओल्या आहेत."

मी ताईचा कोपर धरला. जिना गोल गोल खाली जात होता. माझं तोंड चालूच होतं. म्हटलं, टाकी म्हणजे टाकी, गच्चीवर असते तशी, जरा मोठी, त्यात एवढं काय बघायचंय, आणि ताई, तुझा श्वास लागतोय, आणि बाईंनी दिलेले हे बूट मला होत नाहीत. मग पायऱ्या संपल्या. बाईंनी मोठी बॅटरी लावली आणि समोर धरली.

मी गप्प झाले. घरच्यांना विचारा, ही बातमी आहे.

खांब. विटांचे खांब, घरापेक्षा उंच, एकामागे एक, ओळीमागे ओळ. दोन खांबांच्या मध्ये वर कमान, कमानीमागे कमान, उजेड जाईल तिथपर्यंत आणि त्याच्याही पुढे. जमिनीवर पाण्याचा पातळसा थर उरला होता, अगदी स्थिर, त्यात सगळे खांब उलटे उतरलेले. त्यामुळे खाली तळ आहे असं वाटतच नव्हतं. आपण मध्ये कुठेतरी उभ्या आहोत, वरही तेवढंच आणि खालीही तेवढंच. विटांवर पाण्याच्या जुन्या रेघा होत्या, माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. गार ओलसर वास होता, आणि अशी शांतता की माझ्याच कानात काहीतरी वाजतंय असं वाटलं.

कुणी बांधलं असेल हे? कुणी बघायचं नव्हतं, बांधून झालं की पाण्यात बुडवूनच टाकायचं होतं, तरी त्या गवंड्यांनी प्रत्येक कमान अशी नीट, हौसेने वळवली होती. हे सगळं माझ्या पायांखाली होतं. मी वर शिट्ट्या मारत होते, पोरं धपाधप उड्या मारत होती, घरी जाऊन मी नळाखाली पेला धरत होते, आणि खाली हे होतं. इतकी वर्षं जरा हळू पाय टाकायला हवे होते, असं काहीतरी वेडं मनात येऊन गेलं.

ताईकडे बघितलं. तिने माझा हात सोडला होता. तोंड लहान मुलीसारखं उघडं.

"मी कामाला येते तेव्हा फार बघत नाही," इंजिनिअरबाई हळू आवाजात म्हणाल्या. "बघत बसलं की काम होत नाही." त्यांचं हळू बोलणंसुद्धा खांबांमधून फिरून आलं.

ताई भानावर आली. कामाला लागली की ती वेगळीच बाई होते. खांबांवरून हात फिरव, पाण्यात बोट बुडव, चार पावलं इकडे, चार तिकडे. मग तिने पिशवीतून हाकेचा कागद काढून माझ्या हातात दिला आणि खुणेने सांगितलं, आधी तू. स्वतःचा आवाज तिला तालमीत घालवायचा नव्हता.

कागदावर लांबलचक वाक्य होतं. धाकटीचं भारदस्त नाव, मग तू परत ये, मग घराचं दार अजून उघडंच आहे, मग आणखी बरंच. ताईला हवं होतं की ते वाक्य अंधारात जावं आणि शब्दन् शब्द तसाच परत यावा. थोरलीने स्वतःचंच बोलणं ऐकावं, असा शेवट होता. मी छाती भरून घेतली आणि मैदानभर पोचणाऱ्या आवाजात ते म्हटलं.

अरे देवा! पहिला शब्द परत येईपर्यंत चौथा बाहेर पडला, सगळे एकमेकांवर आदळले, आणि नुसती गर्जना उठली. शब्द एकही नाही. खांब गर्जतायत, कमानी गर्जतायत, पाणी थरथरतंय. ताईने दोन्ही कान दाबले. तो आवाज विरता विरेना. विरला तेव्हा ताईचा चेहरा पडला होता. तिचा शेवट त्या लगद्यात बुडाला होता, हे मलासुद्धा कळलं.

मी म्हटलं, "हळू म्हणून बघते," आणि हळू म्हटलं. तेच. लगदा फक्त लहान झाला. "तोडून तोडून म्हणते." तेही नाही. मी हट्टाने पुन्हा तोंड उघडलं तेव्हा ताईने मला थांबवायला पर्समधून चमचा काढला आणि जिन्याच्या लोखंडी कठड्यावर वाजवला.

टिंग.

एवढासा आवाज. तो गेला. खांबांच्या मधून लांब, लांब गेला, कुठेतरी पोचला, तिथून वळला, आणि स्वच्छ, गोल, होता तसा परत आला. मग डावीकडून आला. मग वरून. बारीक होत गेला पण तुटला नाही. आम्ही तिघी माना वर करून उभ्या होतो, श्वास धरून. इतका देखणा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता, आणि तो माझ्याच स्वयंपाकघरातल्या चमच्याचा होता.

ताईने माझ्या हातातला कागद घेतला, घडी घातली, पिशवीत टाकला. तिचे डोळे असे चमकत होते की मला जुनी ताई दिसली. ओरडायची गरजच नव्हती. इथे थोडंसं म्हणायचं होतं आणि थांबायचं होतं. तेवढा आवाज तिच्याकडे होता.

"तू धाकटी," ती खरखरत म्हणाली. "तिकडे उभी राहा. गप्प."

नेहमीचंच. मी पाण्यातून चपक चपक करत गेले, आठ-दहा खांब ओलांडून एकाच्या आड उभी राहिले. ताईने ह्यांचं यंत्र सुरू करून पायरीवर ठेवलं. इंजिनिअरबाईंना खूण केली. बॅटरी विझली.

असा अंधार मी कधी बघितला नव्हता. डोळे उघडे की मिटलेले, काही फरक नाही. विटेला पाठ लावून उभी होते आणि मनात धुमसत होते. आता ती त्या पुस्तकातल्या पोरीचं भारदस्त नाव घेणार. शेवटचा आवाज, आणि तो त्या पोरीला. घे बाई, घे. तुझं पुस्तक पूर्ण होऊ दे.

ताईने घसा साफ केला.

"ठिणगे."

हळूच. शेजारच्या खोलीतून म्हणावं तसं. एवढंच म्हणून ती थांबली, आणि ते माझ्यावरून गेलं. मागे गेलं, पार टोकाला गेलं, आणि तिथून माझ्याकडे आलं. ठिणगे. वरून आलं. पाण्यावरून आलं. आणि त्यात खरखर नव्हती हो! कमानींनी ती कुठे गाळून टाकली कोण जाणे. तो माझ्या ताईचा खरा आवाज होता, चांगला, भरलेला, शाळेतून येताना मला गल्लीच्या टोकावरून हाक मारायची तो. तो आवाज चहूकडून मला बोलवत होता. माझ्या डोळ्यांतून पाणी कधी वाहायला लागलं कळलंच नाही, आणि माझं तोंड... माझं तोंड आयुष्यात कधी माझ्या ताब्यात होतं?

"काय गं ताई?"

मी मोठ्याने, नेहमीसारखी, ओ दिली. ती ओ धडधडत निघाली, ताईच्या हाकेला जाऊन मिळाली, आणि दोन्ही एकत्र खांबांमधून फिरत राहिल्या. ठिणगे, काय गं ताई, ठिणगे, काय गं.

कप्पाळ माझं! मी तोंडावर हात दाबला, पण बाहेर पडलेलं कुठे परत घेता येतं?

बॅटरी लागली. इंजिनिअरबाई दुसरीकडे बघत नाक पुसत होत्या. ताई पायरीवर बसली होती, खांदे हलत होते. मी पाणी उडवत धावले. "ताई, मी घाण केली गं! सवय आहे मेली. परत म्हण. एकदाच. मी जीभ चावून उभी राहते."

ताईने तोंड उघडलं. नुसती हवा आली. पुन्हा उघडलं. काही नाही. संपलं होतं.

तिने माझ्याकडे बघितलं आणि मला कळलं की ती रडत नाहीये, हसतीये. म्हणजे दोन्ही करत होती. मी बोलायला लागले तर तिने माझ्या तोंडावर हात ठेवला आणि तसाच ठेवून बसली. तिचा हात बर्फासारखा गार होता.

सोमवारी ऑपरेशन झालं. चांगलं झालं. डॉक्टर म्हणाले तसा जीव वाचला आणि आवाज गेला. शनिवारी सकाळीच टाकीत पाणी सोडलं होतं, त्यामुळे ती जागाही आता कुणाला दिसायची नाही. राहिलं ते यंत्र. ह्यांनी ते लावलं, भाच्याने कॉम्प्युटरवर बसून खटपट केली. ताईची हाक मोकळी करून द्यावी म्हणून मी त्याच्या मागे लागले होते. पण ती माझ्या 'काय गं'मध्ये अशी मिसळली होती की वेगळी निघेना. मी स्वतःला खूप शिव्या घातल्या. पण खरं सांगू? एकटी असले की मी ते तसंच लावते.

ताई घरी आली, बरी झाली, लिहायला बसली. मी विचारलं, शेवट काय करणार? तिने हाताने मला उडवून लावलं. बोलता येत नसलं म्हणून काय झालं, उडवून लावायला तिला शब्द कधीच लागले नाहीत.

मग एका सकाळी ती माझ्या स्वयंपाकघरात आली. टेबलावर कागदांचा गठ्ठा ठेवला, माझ्या पुढ्यातलं शेंगांचं ताट स्वतःकडे ओढलं आणि सोलायला लागली. बोटाने कागद दाखवले. वाच.

आता वाचणार मी. तिच्या जागी बसून, माझ्या फाटक्या आवाजात. पहिली ओळ वाचली आणि तिने शेंग खाली ठेवून तळहाताने दाबल्यासारखं केलं. हळू.

मी हळू वाचलं. लोखंडी दार, ओला जिना, कमानी. वाचता वाचता स्वयंपाकघर गार पडलं. ते खांब, पाण्यातले उलटे खांब, त्या विटांवरच्या रेघा, सगळं होतं. ज्यांनी कधी कुणाला दिसणार नाही असं ठाऊक असून त्या कमानी हौसेने वळवल्या, ते गवंडीसुद्धा होते. हे माझ्या मनात आलेलं तिने कधी ओळखलं? मी एकदाही टोकलं नाही. थोरली बहीण अंधारात उभी राहते. भारदस्त नाव कुठेच नव्हतं. ती घसा साफ करते. ती हळूच म्हणते, आणि मला ते वाचावं लागलं.

"ठिणगे."

तिथे पान संपलं. मी उलटून बघितलं. कोरं.

"पुढचं पान कुठाय?"

ताईने मान हलवली. नाही.

मग मात्र मी पेटले. "हा काय शेवट? हे एवढं सगळं लिहिलंस, रडवलंस मला, आणि हाक मारून सोडून दिलंस? ती धाकटी तिथे असेल नसेल, तिचं काय? किती वेळा सांगितलं तुला, असं माणसाला टांगून ठेवू नये! आणि माझं नाव घातलंस, मला विचारलंस तरी? उद्या लोक मला विचारतील, बाई, तुम्ही कुठे गेला होतात भांडून?"

ताईने मला बोलू दिलं. दम लागेपर्यंत बोलू दिलं. मग ताटाशेजारचा चमचा उचलला आणि पेल्यावर वाजवला.

टिंग.

"काय गं ताई?" मी खेकसले.

मग तिने पेन माझ्या हातात दिलं आणि शेवटच्या ओळीखालच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

मला समजायला जरा वेळ लागला. मग मी माझी ओ तिथे लिहिली. अक्षर वाकडंतिकडं आलं. पुस्तक छापून आलं तेव्हा मी सगळ्यात आधी शेवटचं पान उघडलं. ताईने त्यात एकही काना-मात्रा बदलली नव्हती.